सूपभर कोंड्याचं लेकरू

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठापासून दोन गल्ल्या सोडून, कौशल्या नावाची एक बाई राहत असे, आणि तिला स्वतःच्या मुलाला हाक मारायची बंदी होती. बंदी सरकारची नव्हती. सरकारची असती तर तिनं ती केव्हाच मोडली असती, कारण तिचं माहेर तिवशाचं आणि तिकडची माणसं सरकारला फारशी भीक घालत नाहीत. ही बंदी घरातली होती. सासूनं घातलेली आणि कौशल्यानं जिवाच्या धाकानं पाळलेली, म्हणून ती पक्की होती.

तिचा नवरा देवमन कापसाची सरकी काढायच्या जिनात कामाला होता. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांवर कापसाची रुई चिकटलेली असायची आणि तोंडातून दिवसभरात जे चार शब्द निघायचे ते जिनातच संपलेले असायचे. माणूस वाईट नव्हता. बायकोवर त्याचा जीव होता, पण तो जीव आहे हे सांगायला लागतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कौशल्याला तीन मुलं झाली आणि तिन्ही गेली. पहिलं पाचवीच्या आधीच गेलं, दुसरं रांगायला लागल्यावर तापानं, आणि तिसरी मुलगी, जी नुकतीच 'माय, माय' म्हणत पदराला लोंबकळायला शिकली होती, ती एका उन्हाळ्यात जुलाबानं दोन दिवसांत गेली. त्या मुलीचा आवाज कौशल्याच्या कानात राहिला. बाकी सगळं हळूहळू पुसट झालं, आवाज झाला नाही.

पंचावन्न साली चौथ्यांदा मुलगा झाला, तेव्हा सासू पार्बताबाईनं सूत्रं हातात घेतली. तिच्या हिशेबानं दुखणं पोराच्या अंगात नव्हतं, सटवाईच्या नजरेत होतं. सटवाईला कौशल्याचं घर सापडलं होतं. तेव्हा हे पोर कौशल्याचं नाहीच, असं तिला दाखवायचं. बाळाला सुपात घातलं, सूप परसातल्या उकिरड्यावरून ओढत नेलं, आणि उकिरड्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या भागीरथा सुइणीला ते पोर विकलं. किंमत सूपभर कोंडा. कोंडा भागीरथानं दिला, पोर पदरात घेतलं, आणि मग पुन्हा कौशल्याच्या मांडीवर आणून ठेवलं. आता ते भागीरथाचं पोर, कौशल्या नुसती सांभाळणारी शेजारीण. नाव ठेवलं उकर्डा. उकिरड्यावर टाकलेल्या पोरावर कोण डोळा ठेवणार, असा त्यातला विचार.

"अन आइक," पार्बताबाई सुनेला म्हणाली, "तू त्याले हाक मारायची नाई. नावानं नाई, बाळा-सोन्या म्हनून नाई. लाडाचं बोलायचं नाई. तो तुह्या मांगं लागला तरी मी तुही काकू म्हनायचं. ज्या दिवशी पोट्टं आपल्या तोंडानं तुले माय म्हनन, त्या दिवशी समजायचं का सटवाईची नजर उतरली. मंग सूपभर कोंडा देऊन वापस घ्यायचं. त्याच्या आंधी जर तू माहं म्हनलं, तर तू जान अन तुहं नशीब."

गंमत अशी, की ज्या भागीरथाच्या पदरात मरण शोधायला येणार नाही अशी पार्बताबाईची खात्री होती, त्याच भागीरथाच्या हातचं पाणी तिला चालत नव्हतं. सुइणीची वस्ती गल्लीच्या टोकाला, वेगळी. नातवाचा जीव वाचवायला तिचा पदर चालला आणि तांब्या चालला नाही. आपल्याकडे विटाळालाही सोय कळते.

कौशल्यानं अट पाळली. तीन पोरं पुरलेली बाई अटी मोडत नसते. पोराला पाजताना ती पदर तोंडावर घ्यायची, न जाणो चुकून ओठातून काही निघालं तर. त्याला निजवताना थोपटायची, पण गाणं म्हणायची नाही. पोर चालायला लागलं तेव्हा त्याला बोलवायचं असलं की ती जवळ जायची, खांद्यावर हात ठेवायची आणि आपल्याकडे वळवायची. जेवायचं असलं तर हाताचा घास करून दाखवायची, निजायचं असलं तर गालाखाली तळवा. त्या दोघांचं सगळं असं हातांनीच चालायचं आणि छान चालायचं. पोराला तिच्या बोटांची खूण कळायची, तिला त्याच्या भुवईची.

पण गल्लीत पोरांचा काय तोटा? दिवसातून शंभर वेळा कुठून ना कुठून 'माय वं' अशी हाक यायची. पहिली काही वर्षं कौशल्याची मान दर वेळी वळायची. भाकरी थापताना वळायची, आडावर पाणी ओढताना वळायची. समोरची बाई एकदा हसली, "तुले कोन हाक मारते वं?" तेव्हापासून तिनं मानेलाच वळण लावलं. हाक आली की ती हातातल्या कामाकडे आणखी खाली बघायची. होता होता ती हाक तिच्यासाठी वाऱ्यासारखी झाली. वाहते, आपल्याला काय.

छप्पन साली दसऱ्याला भागीरथा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. पांढरं लुगडं नेसून ती थेट कौशल्याच्या परसात उभी राहिली.

"कौसल्या, म्या हे समदं सोडलं. सटवाई नाई, मरीमाय नाई, काई नाई. तुहं लेकरू तुले. मी काई त्याची मालकीन नोहो."

कौशल्या रडकुंडीला आली. "भागीरथाबाई, तुमी सोडलं ते बरं केलं. पन हे मोठ्यानं बोलू नोका. हा एवढाच एक जगला."

भागीरथानं तिच्याकडे पाहिलं. तीन मातींना तीही आली होती. "बरं," ती म्हणाली. "मी बोलनार नाई. पन कोनी इचारलं तर खोटंही सांगनार नाई. आता आमाले खोटं बोलाची मनाई हाये." मग ती परत गेली, आणि तिनं शब्द पाळला. पुढच्याच वर्षी पार्बताबाई वारली. अट घालणारी गेली, तेव्हा ती मागे घेणारंही कुणी उरलं नाही.

उकर्डा जगला. अंगानं चांगला भरला, झाडावर चढायचा, पतंग काटायचा, बापाच्या भुवयांवरची रुई वेचून गोळा करायचा. फक्त बोलायचा नाही. तीन वर्षांचा झाला, चार वर्षांचा झाला, तोंडातून नुसते हुंकार. कुणी रागावलं तर टक लावून तोंडाकडे बघायचा, कधी हसायचा. लोक आधी म्हणाले हट्टी आहे, मग म्हणाले येडा आहे. कौशल्यानं अचलपूरकडच्या एका बाबाचा अंगारा आणला, जिभेला वेखंड लावलं, पिंपळाच्या पानावर जेवायला वाढलं. तिच्या मनात दुहेरी गुंता होता. इतर आयांना वाटतं पोरानं बोलावं. हिला वाटायचं पोरानं बोलावं, म्हणजे ते आपलं होईल. पोटचं पोर समोर बसून जेवत असताना तिला त्याची आठवण यायची, तो कुठं दूरगावी असावा तशी.

सहाव्या वर्षी शाळेनं त्याला परत पाठवलं, तेव्हा ती त्याला घेऊन स्टेशनकडच्या नव्या दवाखान्यात गेली. डॉक्टर गावंडे तरुण होते, मुंबईला शिकून आलेले, खास लहान मुलांचे डॉक्टर. त्या काळी अकोल्यात हे नवल होतं. लोक म्हणायचे, पोरांना वेगळा डॉक्टर कशाला, पोरं काय वेगळ्या मातीची असतात?

"तुम्ही याच्या आई का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाई जी. शेजारीन."

"आई कुठं आहे?"

कौशल्यानं जमिनीकडे पाहिलं. "ते गल्लीच्या टोकाले राह्यते. तिले बाळंतपनाची कामं असतात."

"आणि मुलगा तुमच्याकडेच राहतो? लहानपणापासून? आईनं देऊन टाकला?"

"सूपभर कोंड्यावर," कौशल्या म्हणाली. हे तरी खरं होतं.

डॉक्टर थक्क झाले. त्यांनी पोराला तपासलं, घसा पाहिला, पाठीमागून जोरात टाळी वाजवली. पोरानं मान वळवली. म्हणजे कान ठीक. ठोकळे दिले, त्यानं चटकन रचले. म्हणजे डोकंही ठीक. मग बोलत का नाही? डॉक्टर गावंड्यांनी नुकतंच विलायतेतल्या तज्ज्ञांचं वाचलं होतं, की आईवेगळं वाढलेलं मूल मनानं मिटतं आणि त्याची वाचा खुंटते. इथं तर आईनं कोंड्यावर विकलेलं पोर समोर बसलं होतं. त्यांना त्या पोराचं खरंच वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोला, थोडा आनंदही झाला. पुढच्याच महिन्यात, डिसेंबरात, अमरावतीला बालरोगतज्ज्ञांची परिषद भरणार होती. ज्या मुलांची वाढ मागे पडते, ज्यांचं बोलणं-वागणं वेगळं असतं, अशा मुलांवर दोन दिवस चर्चा होणार होती. डॉक्टर तिथं आयुष्यातला पहिला निबंध वाचणार होते.

"तिथं नागपूर-मुंबईचे मोठे डॉक्टर येतील," ते म्हणाले. "याला बघतील. बोलता कसा करायचा ते सांगतील. तुम्ही याला घेऊन या. आणि त्याच्या आईलाही आणा. ती लागेलच."

बोलता करतील एवढंच कौशल्यानं ऐकलं. बाकीचं तिच्या कानावरून गेलं.

ती भागीरथाकडे गेली आणि सगळं सांगितलं. भागीरथा बराच वेळ सुपारी कातरत राहिली.

"येतो मी," ती शेवटी म्हणाली. "पन तुले आंधीच सांगून ठेवतो. त्यायनं मले इचारलं, तर मी माहं म्हननार नाई. तुहंही म्हननार नाई. ते तुहं तू सांग."

पॅसेंजरनं बडनेरा, बडनेऱ्याहून छोट्या गाडीनं अमरावती. उकर्डा खिडकीशी. एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये परिषद होती. दारावर कापडी फलक, आत गरम कोटांना येणारा डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि दाराशी वरुडच्या संत्र्यांच्या टोपल्या. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दोन संत्री पडत होती. बाहेर व्हरांड्यात सतरंजीवर, ज्यांची मुलं 'दाखवायची' होती अशा बाया बसल्या होत्या. तिथं कुणी कुणाचं नाव-गाव विचारत नव्हतं.

"तुमचं काय?" एका बाईनं कौशल्याला विचारलं.

"बोलत नाई. तुमचं?"

"चालत नाई. हिचं नुसतं डोलते." तिसरीनं आपल्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. ती मुलगी भिंतीकडे तोंड करून पुढे-मागे डोलत होती. तिघी थोड्या सरकून एकमेकींजवळ बसल्या. कौशल्याला वाटलं, या दोघी किती सुखानं 'माही' म्हणून राहिल्या. चालत नाही पण माहा, डोलते पण माही. तिला त्यांचा हेवा वाटला, आणि वाटला त्याची लाजही.

जेवणानंतर डॉक्टर गावंड्यांची पाळी आली. उकर्डा व्यासपीठावरच्या स्टुलावर बसून संत्रं सोलू लागला. एका बाजूला कौशल्या, दुसऱ्या बाजूला भागीरथा उभी. डॉक्टर इंग्रजीत वाचत होते. कौशल्याला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण 'मदर, मदर' हा शब्द पुन्हा पुन्हा यायला लागला आणि दर वेळी हॉलमधली माणसं भागीरथाकडे बघायला लागली. आधी कीव आल्यासारखं, मग कपाळाला आठी घालून. भागीरथा पांढऱ्या लुगड्याचा पदर सावरून ताठ उभी होती.

वाचन संपलं. पुढच्या रांगेतले एक जाडजूड डॉक्टर उठले आणि मराठीत म्हणाले, "बाई, पोटच्या पोराला असं विकताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

भागीरथानं फक्त मान वळवून कौशल्याकडे पाहिलं.

ते बघणं कौशल्याला सोसेना. तिच्या पोरासाठी या बाईनं कोंडा दिला होता, गाव सोडून इथवर आली होती, आणि आता इतक्या कोटवाल्यांसमोर कौशल्याच्या वाटचं ऐकून घेत होती. कौशल्याच्या मनात ती तिन्ही पोरं आली. सटवाई आली. हॉलच्या उंच छताकडे तिचे डोळे गेले, जणू ती तिथंच कुठं बसून ऐकत असावी. मग तिनं पोराकडे पाहिलं. त्याच्या हनुवटीवर संत्र्याचा रस ओघळला होता.

"तिले कावून बोलता?" कौशल्या म्हणाली. "तिचा नाई तो. माहा हाये. मी शेजारीन नाई. माय आहो मी त्याची."

मागच्या बाजूला कुणीतरी हसलं. डॉक्टर गावंड्यांचा चेहरा असा झाला, की कौशल्याला त्याही गडबडीत त्यांची दया आली. एवढ्यात नागपूरहून आलेल्या एक वयस्क डॉक्टरीणबाई उठून व्यासपीठावर आल्या. केस पांढरे, पायात साध्या चपला. त्यांनी खुर्ची नाकारली आणि पायरीवरच बसल्या.

"इथं बसा," त्या म्हणाल्या. "आणि मला पहिल्यापासून सांगा."

कौशल्यानं सांगितलं. उकिरडा, सूप, कोंडा, अट. बाईंनी शेवटी एकच प्रश्न विचारला.

"मग घरात याला हाक कोण मारतं?"

कौशल्या विचारात पडली. देवमन? तो तर मुलाला उचलूनच घ्यायचा. पार्बताबाई वारली तेव्हा पोर जेमतेम दोन वर्षांचं. आणि ती स्वतः?

"कोनीच नाई जी."

"आता मारा. त्याच्या मागे उभ्या राहा आणि मारा."

कौशल्या पोराच्या पाठीमागे गेली. सहा वर्षं जी हाक घशात दाबून ठेवली होती, ती म्हटल्यावर लगेच थोडीच निघते? दोनदा नुसता वाराच निघाला. मग ती म्हणाली, "उकर्डा." पोर संत्रं खात राहिलं. "उकर्डा!" तिसऱ्यांदा ती इतक्या मोठ्यानं ओरडली, की व्हरांड्यातली डोलणारी मुलगीसुद्धा दारातून डोकावली. पोरानं संत्र्याची बी थुंकली आणि पुढची फोड घेतली. कौशल्याला राहवेना. सवयीनं ती पुढे झाली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याबरोबर पोर वळलं आणि तिच्या ओठांकडे बघू लागलं.

डॉक्टरीणबाईंनी आणखी बराच वेळ घेतला. मागून चमचा वाजवला, कागद चुरगाळला, हळू बोलल्या, मोठ्यानं बोलल्या. मग अंतरावरून टाळी वाजवली, तेव्हा पोर वळलं नाही. जवळून वाजवली, तेव्हा मानेला वारा लागला आणि वळलं.

"याला ऐकू येत नाही, बाई," त्या म्हणाल्या. "ढोल ऐकेल, इंजिनाची शिट्टी ऐकेल. माणसाचं बोलणं नाही. पण पोर हुशार आहे."

कौशल्यानं पोराचा कान चाचपला. "माह्या गप राहन्यानं झालं का जी हे?"

"नाही. तुमच्या गप्प राहण्यानं कान जात नाहीत. कान आधीच गेलेले होते. तुम्ही हाक मारली असती आणि तो वळला नसता, तर हे कुणाच्याही लवकर लक्षात आलं असतं, एवढंच." मग त्यांनी पोराचा हात हातात घेतला. "औषध नाही याला. पण शिकवता येतं. रोज उजेडात त्याच्यासमोर बसा. त्याचा हात तुमच्या गळ्यावर ठेवा आणि बोला. ओठ दिसू द्या. जे बोलायचं राहिलं ते सगळं बोला. पहिल्यांदा तुम्ही त्याच्या कोण, ते सांगा."

डॉक्टर गावंड्यांनी आपले कागद घडी करून खिशात घातले. "मी चुकलो," ते सगळ्यांसमोर म्हणाले, आणि मग कौशल्याकडे वळून, "पण तुम्हीही मला बरोब्बर फसवलंत." यावर मात्र भागीरथा हसली.

परतीच्या गाडीत कौशल्या पोरासमोर बसली, पण तोंड उघडलं नाही. म्हटलेलं तिच्या अंगावर येत होतं. तिनं 'माहा' म्हटलं होतं, मोठ्यानं, भर सभेत. आणि आठवड्याच्या आत गल्लीत गोवर आला आणि उकर्ड्याला ताप चढला. त्याच्या लाल झालेल्या अंगाकडे बघून कौशल्याला काही सुचेना. तिनं पोराला गोधडीत गुंडाळलं आणि भागीरथाचं दार गाठलं.

"ठेवून घ्या याले. म्हना तुमचा. मी पुन्हा कधी नाई म्हननार माहा."

भागीरथानं पोराच्या कपाळाला हात लावला. दाराबाहेर आली, पण पदर पसरला नाही.

"गोवर हाये. गल्लीतल्या समद्या पोट्ट्यायले झाला. त्यायच्या मायनं बी भर सभेत काई म्हनलं होतं का?" मग ती जरा हळू झाली. "माह्या पदरात आता लपवाले जागा नाई, कौसल्या. अन तो तापात तुह्या तोंडाकडे पाहून राहिला. काई तरी बोल त्याच्याशी."

कौशल्या तिथंच ओट्यावर बसली. पोराचा तापलेला हात तिनं आपल्या गळ्यावर ठेवला. "माय," ती म्हणाली. "मी तुही माय." म्हणताना तिला रडू आलं आणि गळा हलला, तशी पोराची बोटं तिथं घट्ट झाली. भागीरथानं घरातून पाण्याचा तांब्या आणला. कौशल्यानं त्यातलंच पाणी पोराला पाजलं आणि उरलेलं आपण प्यायली. ताप चार दिवसांनी उतरला.

त्यानंतर रोज, देवमन जिनात गेला की दारातल्या उजेडात मायलेक समोरासमोर बसायचे. पाणी. भाकर. चिमनी. बाबा. माय. कौशल्याकडे सहा वर्षांचं बोलणं साचलेलं होतं, त्यामुळे तिला विषयांचा तोटा पडला नाही. तिनं त्याला त्याच्या मेलेल्या भावंडांचं सांगितलं, तिवशाच्या आजोळचं सांगितलं, पार्बताबाईच्या कागाळ्याही सांगितल्या. खरी पंचाईत देवमनची झाली. रविवारी त्यालाही पोरासमोर बसवलं जायचं. तो गळ्यावर पोराचा हात घेऊन अर्धा तास नुसता "बाबा, बाबा" म्हणत राहायचा, घाम पुसायचा, आणि उठताना म्हणायचा, "जिनातली गठान उचलनं सोपं हाये." पण कधी चुकला नाही.

डॉक्टर गावंडे महिन्यातून एकदा बघायचे. पोराला ओठ वाचता येऊ लागले. 'भाकर' म्हटलं की भाकर आणायचा, 'बाबा' म्हटलं की रस्त्याकडे बोट दाखवायचा. 'माय' म्हटलं की कौशल्याच्या छातीवर तळवा ठेवायचा. सगळं कळत होतं. आवाज तेवढा येत नव्हता. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. कौशल्या कुणाला काही बोलली नाही, पण तिला ती हाक इतकी हवी होती, की कधी कधी चुलीपुढे बसल्या बसल्या ती स्वतःच हळूच 'माय' म्हणून बघायची, तिच्या मेलेल्या लेकीच्या आवाजात. मग राख सारखी करून कामाला लागायची. डॉक्टरीणबाईंनी आवाज येईलच असं कुठं कबूल केलं होतं? आणि अट तर अजून तशीच होती. सूप खुंटीला होतं.

चौसष्टच्या माघात, दुपारी, कौशल्या आणि भागीरथा परसात तूर पाखडत बसल्या होत्या. आता भागीरथा या घरात सरळ आत येऊन बसायची, त्याबद्दल गल्ली काय म्हणते ते दोघींनी गल्लीवर सोडलं होतं. कौशल्याची पाठ दाराकडे होती. सुपाचा आवाज चालला होता, पलीकडे कुणाची तरी पोरं भांडत होती.

"माय."

आवाज जाड होता, मधेच फाटलेला. कौशल्या पाखडत राहिली. गल्लीत पोरांचा काय तोटा?

"माय."

भागीरथाची मान वळली. नऊ वर्षं नावापुरती का होईना, ती त्या पोराची माय होती, आणि मनात कुठं तरी तिनंही ते जपून ठेवलं असावं. कारण वळली तेव्हा तिचे डोळे क्षणभर भरून आले होते. दारात उकर्डा उभा होता, हातात काटलेला पतंग. पण तो तिच्याकडे बघत नव्हता. तो कौशल्याच्या पाठीकडे बघत होता.

"कौसल्या," भागीरथा म्हणाली. "मले नाई वं. तुले हाक मारून राहिला."

कौशल्याचे हात थांबले, पण मान वळेना. इतकी वर्षं तिनं तिला न वळायचं शिकवलं होतं. पोर मग पुढे आलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला आपल्याकडे वळवलं. तिचा हात उचलून त्यानं आपल्या गळ्यावर ठेवला, ओठ नीट दिसतील असा उजेडाकडे सरकला, आणि न ऐकणाऱ्या बाईला सांगावं तसं सावकाश पुन्हा म्हणाला.

बऱ्याच वेळानं कौशल्या उठली. सुपातली तूर तिनं पोत्यावर ओतली, आत जाऊन सूप कोंड्यानं भरून आणलं आणि भागीरथापुढे धरलं. भागीरथा असलं काही मानत नव्हती. तरी तिनं दोन्ही हात पुढे करून सूप घेतलं.